रकाना रिकामा सोडू नये

प्रिय अप्पा,

लिफाफा बघून आई घाबरली असेल, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते: सगळं ठीक आहे. तब्येत ठीक आहे, खोली ठीक आहे, काम तर फारच ठीक आहे. तिला म्हणावं, बस खुर्चीवर आणि पाणी पी. दर रविवारी फोन करणारी मुलगी अचानक पत्र का लिहायला लागली, असं तुम्हाला वाटेल. पण फोनवर तुम्हाला काही महत्त्वाचं सांगायला गेलं की तुम्ही दोनदा 'बरं, बरं' म्हणता आणि फोन आईच्या हातात देऊन मोकळे होता. शिवाय तोंडी गोष्टींवर तुमचा विश्वास नाही. कागदावर असेल तर आहे, नसेल तर नाही, हे तुमचंच म्हणणं. म्हणून कागदावर. गेले तीन आठवडे माझ्या छातीवर एक दगड होता आणि परवा मंगळवारी दुपारी तो उतरला. तो कसा चढला आणि कसा उतरला ते ओळीने लिहिणार आहे. चष्मा पुसून घ्या आणि मधेच उठून जाऊ नका.

आधी इथलं सांगते. तुम्ही विचारलं होतंत, एवढ्या मोठ्या संस्थेत शिकाऊ लोकांना बसायला खुर्ची तरी देतात का. देतात, आणि तीही चाकांची. इमारत सात मजली आहे आणि सातही मजल्यांवर एकसारखा राखाडी गालिचा आहे, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मी दोनदा चुकीच्या मजल्यावर उतरून कुणा भलत्याच माणसाच्या खुर्चीत जाऊन बसले होते. नैसर्गिक साधनसंपत्तीचा विभाग तिसऱ्या मजल्यावर. खिडकीकडे जंगलवाले, जिन्याकडे मातीवाले, आणि मधे, जिथे उजेड सगळ्यात कमी, तिथे आम्ही पाणीवाले. जंगलवाल्यांच्या टेबलांवर प्लास्टिकची झाडं आहेत, हे धाकटीला सांगा, ती दोन दिवस हसेल. आमच्या विभागाच्या बाई साठीला आल्या आहेत. चष्मा दोरीला बांधून गळ्यात, आणि तरी दिवसातून चारदा विचारतात, माझा चष्मा कुणी बघितला का. एकोणीस देशांतल्या विहिरींत त्यांनी वाकून बघितलंय म्हणे. कौतुक करत नाहीत. काम चांगलं झालं तर नुसतं 'हं' म्हणतात, फार चांगलं झालं तर दोनदा. माझ्या शेजारी आणखी एक शिकाऊ बसतो. त्याचं प्रत्येक वाक्य 'म्हणजे कसं आहे' ने सुरू होतं, म्हणून सगळे त्याला म्हणजेकसं म्हणतात आणि तो ओ देतो.

माझं काम म्हणजे आकडे साफ करणं. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, 'शिकून-सवरून तिकडे जाऊन साफसफाईच करतेस ना, मग घरची काय वाईट होती?' तिला नीट समजावून सांगा. बारा देशांच्या भूजल खात्यांनी आपापल्या निरीक्षण विहिरींचे आकडे आम्हाला पाठवले आहेत, अकराएक हजार विहिरींचे, दर महिन्याचा एक आकडा: कठड्यापासून पाणी किती खोल. त्यावरून जमिनीखालचं पाणी कुठे किती उरलंय याचा नकाशा करायचा. पण आकडे आले तसे वापरता येत नाहीत. कुणी मीटरच्या जागी फूट लिहिलेले असतात, कुठे दशांशचिन्ह सरकलेलं असतं, एका विहिरीत तर पाणी कठड्याच्या वर चाळीस मीटर होतं, म्हणजे कारंजंच म्हणायचं. हे सगळं शोधून काढायचं आणि खोटे आकडे बाजूला करायचे.

पहिल्या दिवशी बाईंनी आम्हा नव्या लोकांना विचारलं होतं, विहिरीचं पाणी मोजतात कसं, माहीत आहे का कुणाला? म्हणजेकसं यंत्राबद्दल बोलायला लागला. मी हात वर केला आणि म्हटलं, खडूने. सगळे हसले, बाई सोडून. मग मी उभी राहून सांगितलं, टेपेच्या शेवटच्या मीटरभर भागाला खडू चोळायचा, खाली वजन बांधायचं, कठड्यावरच्या पांढऱ्या खुणेशी टेप धरून सावकाश खाली सोडायची, वर ओढली की ओला खडू गडद दिसतो आणि कोरडा पांढराच राहतो, मधली रेघ म्हणजे पाणी. वजाबाकी केली की खोली. बाई म्हणाल्या, 'हं.' आणि थोड्या वेळाने परत, 'हं.' तुमच्या खाकी पिशवीतला खडूचा डबा माझ्याकडे असायचा, आठवतं ना? शाळेला सुट्टी असली की खात्याच्या विहिरी मोजायला निघालेल्या तुमच्या गाडीवर मी मागच्या सीटवर, डबा पोटाशी धरून. गावोगावची माणसं तुम्हाला विचारायची, 'काय हो सेहेचाळीस, आज खडूलाही आणलंत?' त्यावरूनच हे माझं नाव पडलं. पिशवीवर पांढऱ्या रंगात तुमचा मोजणाऱ्याचा क्रमांक लिहिलेला होता, ४६. तुमचं खरं नाव अर्ध्या तालुक्याला ठाऊक नसेल.

आणि ती सतरा नंबरची विहीर. ओढ्यापलीकडची, खडकाळ चढ चढून गेल्यावरची. त्या चढावर तुम्ही गाडी ढकलायचात आणि मी मागून ढकलल्यासारखं करायची. तिच्यात वाकून मी माझं नाव ओरडायची आणि ती ते दोनदा परत द्यायची. पाणी कायम असायचं, नऊ मीटरवर, कधी साडेनऊवर. एकदा मी तुम्हाला विचारलं होतं, मागच्या महिन्याचाच आकडा परत लिहिला तर कुणाला कळणार आहे? तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, 'पाणी जिवंत असतं गं. दर महिन्याला बोटभर तरी हलतंच. दोनदा तोच आकडा दिसला की समजायचं, माणूस घरी बसला.'

अप्पा, हे वाक्य मी विसरले असते तर बरं झालं असतं.

कारण इथेही तोच नियम आहे. सलग चोवीस महिने एखाद्या विहिरीचा तोच आकडा आला, तर मोजणारा तिथे गेलाच नाही असं धरायचं. त्याच्या सगळ्या विहिरी अभ्यासातून काढून टाकायच्या आणि त्याचा क्रमांक एका वेगळ्या यादीत घालायचा. ती यादी त्या त्या खात्याला 'योग्य त्या कारवाईसाठी' जाते. ही यादी करण्याचं काम माझ्याकडे होतं. मला ते आवडतही होतं, खोटं का लपवू? घरी बसून आकडे लिहिणाऱ्यांचा मला राग यायचा. एकेक क्रमांक सापडला की मी म्हणजेकसंला म्हणायची, 'हा बघ अजून एक बसला घरी.' तो म्हणायचा, 'म्हणजे कसं आहे, तू वकील व्हायला हवी होतीस.'

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी आपल्या भागाचा तक्ता उघडला. खूप आनंदाने उघडला, कारण त्यात तुम्ही असणार हे माहीत होतं. मोजणारा क्रमांक ४६, अडतीस विहिरी, एकतीस वर्षं. मी म्हणजेकसंला बोलावून दाखवलंसुद्धा, हे माझे वडील. एकेक विहीर डोळ्यासमोरून जात होती, आंब्याच्या झाडाखालची, शाळेमागची, ती कठडा फुटलेली. आणि मग सतरा. १४.६५. १४.६५. १४.६५. मी खाली सरकत गेले. एक्केचाळीस महिने, अप्पा. एक सेंटिमीटर इकडचा तिकडे नाही. म्हणजेकसं माझ्या खांद्यावरून बघत होता. या वेळी तो 'म्हणजे कसं आहे' म्हणाला नाही. 'चहा आणतो' म्हणून निघून गेला.

सुरुवातीचा महिना बघितला. मी कॉलेजसाठी घर सोडलं त्याच उन्हाळ्यातला. मग माझं डोकं आपोआपच जोडाजोडी करायला लागलं. त्याच वर्षी तुमचा गुडघा धरला होता. सतरावर जायला तो चढ. आणि आई वसतिगृहावर फोन करायची तेव्हा सांगायची, 'आता अप्पा दुपारचे लवकर येतात हो घरी, बरं वाटतं.' तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. आता तेच वाक्य पुरावा वाटायला लागलं. मला वाटलं, सगळं जुळतंय. मी नव्हते, गुडघा दुखत होता, तपासणारं कुणी नव्हतं. एका विहिरीपुरतं तुम्ही घरी बसलात. त्यात काय मोठं बिघडलं, असंही मीच म्हणत होते आणि सात महिन्यांनी तुम्ही निवृत्त होणार, त्याआधी खात्याकडे तुमचा क्रमांक 'कारवाईसाठी' जाणार, हेही मीच म्हणत होते. तुमच्या अडतीसच्या अडतीस विहिरी बाद. एकतीस वर्षं बाद.

त्या रविवारी मी फोनवर विचारलं, तुम्हाला आठवत असेल. 'अप्पा, सतरा नंबरला दर महिन्याला जाता का हो?' किती साळसूदपणे विचारलं होतं मी, जसं काही सहज. तुम्ही म्हणालात, 'का गं?' मी म्हटलं, असंच. तुम्ही म्हणालात, 'एकदा राहिली होती,' आणि फोन आईला दिलात. एकदा! मी मनात म्हटलं, एक्केचाळीसदा राहिली आणि अप्पा एकदा म्हणतात. आई पलीकडून नेहमीसारखी जेवलीस का, झोपतेस का विचारत होती आणि मी हो हो म्हणत होते. त्या दिवसापासून मला कुणाशी धड बोलता येईना. स्वतःचाच राग यायचा. मग तुमचा यायचा. मग वाटायचं, ज्या पदवीच्या जोरावर मी इथे बसून अप्पांना तपासते आहे, ती मिळावी म्हणून ते काय काय करत होते कुणास ठाऊक.

गेल्या शुक्रवारी यादी द्यायची होती. कागदाच्या तळाला एक ओळ छापलेली असते: 'ही यादी मी स्वतः तपासली आहे.' खाली सही. मी पेन घेऊन बसले आणि सही होईना. तासभर बसले. शेवटी तशीच उठून बाईंच्या खोलीत गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, 'सेहेचाळीस नंबर माझे वडील आहेत.' मला वाटलं, त्या रागावतील किंवा धीर देतील. त्यांनी दोन्हीतलं काही केलं नाही. चष्मा शोधला, गळ्यात सापडला, यादीवर वरून खालपर्यंत बोट फिरवलं, मग माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, 'मूळ कागद कुणी बघितलाय?' मी म्हटलं, कुणीच नाही, आपल्याकडे फक्त आकडे येतात. त्या म्हणाल्या, 'विहिरीवरून थेट आकडा येतो का? मधे कागद असतो. कागद बघितल्याशिवाय माणसाबद्दल बोलायचं नाही. जा.' आणि यादी स्वतःच्या खणात टाकून खण लावून घेतला.

खात्याकडून मूळ कागद मागवायला दोन महिने लागतात. पण तुमच्या स्वतःच्या वह्या ट्रंकेत आहेत, हे मला माहीत होतं. तुम्हाला मागायची हिंमत नव्हती. म्हणून मी धाकटीला फोन केला आणि तुमच्या मागे ट्रंक उघडायला लावली. तिला रागावू नका, तिला मीच भरीस पाडलं. ती आधी म्हणाली, 'ताई, अप्पांच्या ट्रंकेला हात? मला मारायचंय का तुला?' मग म्हणाली, 'काय शोधायचंय ते तरी सांग.' मी सांगितलं, सतरा नंबर, गेल्या तीन-साडेतीन वर्षांची पानं, सगळ्यांचे फोटो काढ. तर ती काय म्हणाली माहीत आहे? 'सतरा? ती कोरडी विहीर? तिचं काय मोजायचं?'

मी खुर्चीतून उठले, अप्पा. चाकांची खुर्ची मागे जाऊन म्हणजेकसंच्या टेबलावर आपटली. मी म्हटलं, कोरडी? कधीपासून? ती म्हणाली, 'झाली की तीन वर्षं. तू कॉलेजला गेलीस त्याच उन्हाळ्यात आटली. सगळ्यांना माहीत आहे. तुला नाही माहीत?' मागून आईचा आवाज आला, 'तिला कशाला सांगायचं म्हटलं, अभ्यास करत होती. त्या विहिरीवर जीव तिचा.' म्हणजे सबंध गावाला माहीत, घराला माहीत, आणि पाण्याचा अभ्यास करायला सात मजली इमारतीत येऊन बसलेली मी तेवढी अडाणी. तुम्हाला 'तिथे जाता का' असं विचारलं, 'तिथे पाणी आहे का' हे विचारायचं मला सुचलं नाही.

मग मंगळवारी दुपारी फोटो आले. जेवणाच्या सुट्टीत, कॅन्टीनच्या रांगेत उभी असताना. तुमचं ते तिरकं, दाबून लिहिलेलं अक्षर. खोली: १४.६५. आणि शेजारी, शेऱ्याच्या रकान्यात: 'कोरडी. तळ लागला. टेप सैल. खडू पांढराच.' पुढच्या महिन्यात: 'कोरडी. तळ लागला.' त्याच्या पुढच्या महिन्यात: 'कोरडी. तळाशी दोन कबुतरं.' एका पानावर नुसतं: 'कोरडी. अजून.' १४.६५ हे पाणी नव्हतंच. ती विहिरीची स्वतःची खोली होती. पाणी जिवंत असतं म्हणून हलतं, तळ कशाला हलेल? तुमच्या छापील तक्त्याच्या वर सूचना आहे, 'कोणताही रकाना रिकामा सोडू नये.' पाणी नाही तर खोलीच्या रकान्यात लिहायचं काय? तुम्ही तळ लिहिलात आणि शेऱ्यात खरं काय ते लिहिलंत. दर महिन्याला, त्या चढावरून, तो गुडघा घेऊन. पण संगणकात उतरवणाऱ्याने आकडे तेवढे उतरवले. शेरे शब्दांत होते, आणि शब्दांना आमच्या तक्त्यात जागा नव्हती.

मी रांगेतच रडायला लागले. म्हणजेकसं धावत आला, त्याला वाटलं घरचं कुणी गेलं. मी म्हटलं, नाही रे, विहीर आटली! आणि हसायला लागले. तो दोन पावलं मागे सरकला. वाढणारी बाई म्हणाली, 'रडायचं असेल तर बाजूला होऊन रड पोरी, मागे रांग आहे.' इतकं हलकं मला दहावीच्या निकालालाही वाटलं नव्हतं. जेवले नाही, पळत तीन मजले चढले, लिफ्टची वाट बघवेना. तुम्ही लवकर घरी का यायचात तेही आईला विचारून घेतलं तेव्हाच. ती म्हणाली, 'लवकर यायचे कारण लवकर निघायचे. गुडघ्यामुळे चढायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून उजाडायच्या आत बाहेर पडायचे. डबा मी करत होते ना!' किती साधं होतं सगळं. मीच आकड्यांवर आकडे चढवत बसले होते.

बाईंना फोटो दाखवले. त्यांनी प्रत्येक पान मोठं करून वाचलं. कबुतरांवर थांबल्या. 'हं,' म्हणाल्या. मग खण उघडून यादी काढली आणि माझ्यासमोर आडवी उभी फाडली. त्यांच्याकडे एका दुसऱ्या खात्याचे मूळ कागद पडून होते, कुणी कधी उघडलेच नव्हते. बुधवारचा अख्खा दिवस आम्ही तिघं ते वाचत बसलो. यादीतल्या नऊ मोजणाऱ्यांचे कागद त्यात मिळाले. सात जणांच्या शेऱ्यात कोरडी, तळ, पाणी नाही, असंच काहीतरी. दोघं मात्र खरोखरच घरी बसलेले निघाले, एकाने तर शेजारशेजारच्या तीन विहिरींना एकच आकडा दिला होता, तोही चुकीचा. बाकीच्यांचे कागद आता मागवले आहेत आणि तोवर कुणाचाच क्रमांक कुठेही जाणार नाही. बाई म्हणाल्या ते मात्र ऐकून माझं हसू गेलं. आम्ही खोटे म्हणून जे बाहेर टाकत होतो ते सगळ्यात कोरडे आकडे होते. कोरड्या विहिरी काढून टाकल्या की उरलेल्यांत पाणी छान दिसणारच. आमचा नकाशा आहे त्याच्यापेक्षा ओला झाला होता. आता तो बदलेल, आणि बघायला चांगला राहणार नाही. मला सतरा नंबरचं वाईट वाटतंय, अप्पा. नाव ओरडलं तर आता ती किती वेळा परत देत असेल? पण नकाशा खरा होईल, आणि तक्त्यात शेऱ्याचा रकाना घ्यायचा हे कालच ठरलं. म्हणजेकसं म्हणाला, 'म्हणजे कसं आहे, तुझ्या वडिलांमुळे आता आपल्याला अकरा हजार विहिरींचे शेरे वाचावे लागणार.' मी म्हटलं, वाचू.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. बाईंनी यादीवर बोट फिरवून माझ्याकडे बघितलं ते का, ते मी वर लिहिलं नाही. यादीत ४६ नव्हताच. एकतीस क्रमांक निघाले होते आणि तुमचा मी आठ दिवस आधीच पुसला होता, तीसच ठेवले होते. तुम्हाला वाचवायचं म्हणून. म्हणजे तुम्ही खोटं लिहिलंत हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं, आणि वर स्वतः खोटं लिहून तुम्हाला सांभाळायला निघाले होते. याबद्दल मला माफ करा, आणि हे 'बरं, बरं' म्हणून आईच्या हातात देऊ नका. धाकटीने पाठवलेल्या पानांत एक पान वेगळं होतं. एकोणचाळिसावा महिना. त्या दिवशीच्या पाच विहिरींपैकी चार पहाटे निघून केलेल्या, आणि सतराच्या पुढे काहीच नाही. शेऱ्यात: 'राहिली. खडूचं पदवीदान.' खाली टाचणीने खात्याचा मेमो लावलेला, रकाना रिकामा का सोडला याचा खुलासा मागणारा, आणि त्याच्यावर तुमच्या उत्तराची प्रत, एका ओळीची: 'गेलो नाही, म्हणून लिहिले नाही.' विहीर कोरडी आहे हे तुम्हाला माहीत होतं. तळ किती खोल तेही पाठ होतं. लिहिलं असतंत तर आकडा बरोबरच आला असता. मला तो दिवस आठवतो. तुम्ही मागच्या रांगेत येऊन बसला होतात, बोटं पांढरी होती, आणि फोटोच्या आधी मी ती रुमालाने घाईघाईने पुसली, चारचौघांत दिसायला नको म्हणून. त्याचीही माफी मागते. माझ्या तक्त्यात ही रिकामी जागा मला दिसली नाही, कारण मागचापुढचा आकडा बघून मधली जागा भरून टाकायची, असं आमच्या संगणकाला शिकवलेलं आहे, आणि त्याने तिथे १४.६५ भरून ठेवलं होतं. आज सकाळी मी तो आकडा पुसला. संगणकाने दोनदा विचारलं, रकाना रिकामा आहे, भरू का? मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. मोजणारा त्या दिवशी कुठे होता, ते मला माहीत आहे.

तुमचीच, डबा पोटाशी धरून मागे बसलेली,
खडू